पाणी कुठून सुटलं

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती.

सकाळी पुनर्वसनात, नव्या गावात, अण्णाकडे गेले. घरात नव्हता. वैनी म्हणाली, पाणी बघाया गेलेत. बघून काय होणार आहे? हनुमान जयंती आहे म्हणून तळं काही मारुतीला मोकळं करणार नाही. दरवर्षी या सुमाराला तळ्यात बुडालेल्या जुन्या शिरसवळीच्या देवळाचा कळस तरी वर आलेला असतो. यंदा काहीच नाही. गेल्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. सगळं माजलगाव खूश, ऊसवाले तर विचारूच नका. एकटा आमचा भाऊ तोंड पाडून बांधावर बसलेला.

तिथेच गेले. मला बघून म्हणाला, "सुमे, कवा उतरंल गं हे?" सत्तरीला आलेला माणूस, जन्मभर एसटी चालवली, आणि सूर असा की शाळा कधी सुटणार विचारतोय.

अण्णाच्या धाकटीचं, पल्लवीचं लग्न २० मेला. पहिली अक्षत जुन्या गावच्या मारुतीला, मग बाकीच्यांना. देवाला दिल्याशिवाय एकही पत्रिका घराबाहेर जाणार नाही म्हणतो. मी म्हटलं, अजून वेळ आहे. तो पाण्याकडेच बघत होता.

१७ एप्रिल, गुरुवार

वाचनालयाचे सचिव देशपांडे आले. स्मरणिका काढतायत. त्यात 'शहराची ओळख' मी लिहायची. भूगोल, इतिहास, लोक, असे तीन परिच्छेद. "तुम्ही भूगोलाच्या बाई, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" निवृत्त झाल्यावरही माणूस भूगोलाची बाईच राहतो. दोनदा चहा घेतला. जाताना म्हणाले, 'निसर्गरम्य जलाशय' हे शब्द तेवढे येऊ द्या. मी म्हटलं, निसर्ग कसला, माती-दगड टाकून बांधलाय तो. हसले. ऐकलं नसावं.

भूगोल, कच्चं: सिंदफणेच्या काठचं लहान शहर. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारी. ऊस, कापूस. पाऊस बेभरवशाचा. शहराला लागून तळं. तळ्यात पाणी दोन वाटांनी येतं, नदीने पावसाचं आणि कालव्याने वरच्या मोठ्या धरणातलं. जातं ते आपल्या कालव्याने, शेतांना.

बरं जमलंय. नकाशा हवा.

२२ एप्रिल, मंगळवार

आज अण्णाकडे जेवायला. जायला नको होतं.

जेवताना वैनीने सहज विषय काढला, पत्रिका छापून आल्यात, वाटायला कधी घ्यायच्या. अण्णाने भाकरी मोडता मोडता म्हटलं, "एकदा चुकलं. आता न्हाई चुकायचं."

थोरली शोभा वाढत होती. हातातली पळी तशीच राहिली. तिच्या लग्नाच्या वर्षीही मे महिन्यात तळं असंच भरलेलं होतं, मारुतीला अक्षत गेली नव्हती. दोन वर्षांत जावई तेलगावच्या वळणावर मोटारसायकलवरून गेला. पोरगी परत आली, मशीन घेऊन ब्लाउज शिवायला बसली. इतक्या वर्षांत अण्णा हे कधी तोंडाने बोलला नव्हता. मनात असणारच. पण मनात असणं वेगळं आणि ताटावर मांडणं वेगळं.

शोभाने आमटी वाढली, पापड आणला, शेवटी स्वतः जेवली. मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आत्या, तुमी काही मनावर घेऊ नका." मी? मी कशाला घेऊ मनावर? संताप आलाय. अण्णाचा, मारुतीचा, धरण बांधणाऱ्यांचा. कुणाचा नक्की ते कळत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी अण्णाचा फोन. फक्त एवढंच, "सुमे, कळस दिसला."

इतिहास लिहायला घेतला. निजामाचं राज्य. आमच्या वडिलांची शाळा उर्दूत, हिशोब उर्दूत, शिव्या मात्र मराठीत. अजून आम्ही कावळा ओरडला तर खबर आली म्हणतो. मग तळं. तळ्यात गेलेली गावं.

शिरसवळीचं लिहिलं ते असं: गाव उठलं तेव्हा दारं निघाली, तुळया निघाल्या, आडाचा रहाटसुद्धा लोकांनी गाडीवर घातला. मारुती तेवढा निघाला नाही. म्हाताऱ्यांनी देवाला कौल लावला, चल म्हणून. कौल डावा पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. तेव्हा देव तिथेच ठेवून माणसं आली. उन्हाळ्यात पाणी हटलं की देव दिसतो, पावसाळ्यात बुडतो. गावातल्या लग्नाची पहिली अक्षत अजून त्यालाच.

देशपांडेंना वाचून दाखवलं. म्हणाले, छान, पण स्मरणिकेला जरा भावनिक होतंय. काढलं त्यांनी. बरोबर आहे, कौल डावा पडल्याचं कागदावर कुठे आहे?

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.

पुरणपोळी घेऊन अण्णाकडे. पल्लवीचा पुण्याहून फोन आला, सगळ्यांशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, आत्या जरा बाजूला जा. मग सुरू. सासरचे विचारतात पत्रिका का नाही आली. वडवणीला चुलतसासरे रुसून बसलेत. तुझ्या भावाला समजाव. "मारुती मोबाईलवर नाही का गं?" असंही म्हणाली. हसले मी. मग तिने विचारलं, "ताईसमोर बोलले का बाबा तसं?" कुणी सांगितलं तुला, म्हटलं. आईनं. मला लग्नच करायचं नाही असल्या अटीवर, म्हणाली.

समजावली. तिला समजावलं, त्याला कोण समजावणार?

त्याला म्हटलं, पुनर्वसनातल्या मारुतीला दे ना, तोही मारुतीच. म्हणाला, "तो कमिटीचा हाय. त्याला आमच्या घरचं काय ठाव?"

५ मे, सोमवार

बाजाराचा दिवस. अण्णाला भेटणारा प्रत्येकजण विचारतोय, कार्य कधी, पत्रिका कुठाय. अण्णा तारीख सांगतो आणि पुढे सरकतो. लोकांना वाटतं, ठरलेलं मोडलं की काय. भाजीवाली मला कानात म्हणाली, "बाई, काही अडचण हाय का पोरीची?" हेच हवं होतं.

संध्याकाळी बांधावर. देवळाचं छप्पर वर आलंय, पाराचा कठडा अजून पाण्यात. गावाची पांढरी मात्र उघडी पडलीय. पांढरी म्हणजे घरांची जागा, काळी म्हणजे शेतं. आता दोन्ही गाळाच्या रंगाची. अण्णाने बोट दाखवून सगळं सांगितलं, हे आपलं दार, ही गंगूकाकूची भिंत. मला काही दिसलं नाही. मी होते तिथली, मला आठवायला हवं. तो ओळखतो.

९ मे, शुक्रवार

पाणी हलायला तयार नाही. चार दिवस झाले, कठड्याला टेकून बसलंय. कालव्याचं आवर्तन बंद आहे म्हणतात. ऊसवाल्यांची ओरड. अण्णाची ओरड वेगळी. पहिल्यांदाच असं झालं की आमचा भाऊ आणि बड्या बागाईतदारांची मागणी एक, तळ्यातून पाणी सोडा.

वैनीला रक्तदाबाची गोळी वाढवून दिली डॉक्टरने. पत्रिकांचा गठ्ठा देवघराखाली तसाच.

१२ मे, सोमवार

अण्णाकडे होते. अण्णा न्हाणीत, त्याचा फोन वाजला, मी उचलला. तलवाड्याचे काका, म्हणजे वैनीच्या बहिणीचे यजमान. खुशाली, लग्नाचं, ऊन फार. मग म्हणाले, "आन पाणी सुटलं बरं का." मी म्हटलं, हो का, बरं झालं. फोन ठेवला.

अण्णा अंग पुसत आला. त्याला सांगितलं, पाणी सुटलं म्हणतात. तो तिथेच मटकन बसला. डोळे भरून आले त्याचे. "दोन-तीन दिसात पार उघडा पडतोय बघ," म्हणाला. वैनीने देवापुढे साखर ठेवली. शोभा आत मशीनवर, टाके घालायची थांबली नाही.

बरं वाटलं. खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

१४ मे, बुधवार

अण्णा उद्या जाणार. वारा सुटलाय, जरा थांब, म्हटलं. "थांबलो की राहून जातंय," म्हणाला. खरं आहे, लग्न तोंडावर.

प्रश्न, सोबत कोण? वैनीचे गुडघे. ती म्हणाली, अक्षत द्यायला सवाष्ण पायजे. ती बोलून गेली आणि मग ओठ चावला, कारण समोर मी आणि शोभा. घरात दोघी आणि दोघीही तशा. मी म्हटलं, अण्णा देईल की, पुरुषाने दिलेली चालते. शोभा म्हणाली, "मी जाते बाबांसंगट. द्यायचं ते देतील, हात तरी धरीन." अण्णा नको म्हणाला नाही, हेच मोठं.

१५ मे, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी दोघं गेले. अक्षता हळदीच्या रुमालात, त्यात सुपारी. पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत. अण्णाने नवा पायजमा घातला, कुठे निघालाय गाळात नवा घालून, म्हटलं. देवाकडे, म्हणाला. मी वैनीसोबत तांदूळ निवडत बसले.

ऊन चढलं तेव्हा काकांचा पुन्हा फोन, या वेळी वैनीच्या फोनवर, मीच घेतला. "ताई, मजा हाय तुमची. आमच्या कालव्यानं धो धो चाललंय तुमच्याकडं. तळं भरंल बघा आता."

कुठून चाललंय, विचारलं.

"वरनं, मोठ्या धरणातनं. परवा सांगितलं न्हवं का, पाणी सुटलं म्हणून."

आमच्याकडे 'पाणी सुटलं' म्हणजे आपल्या तळ्यातून उसाला सुटलं. तळं उतरणार. तलवाड्यात 'पाणी सुटलं' म्हणजे वरून सुटलं, त्यांच्या बांधावरून आमच्याकडे निघालं. तळं चढणार. शब्द तोच. मी आमच्या कानाने ऐकला. भूगोलाची बाई. महिन्यापूर्वी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, पाणी दोन वाटांनी येतं.

शोभाला फोन, लागेना. अण्णाचा घरीच राहिलेला. वैनीला काही सांगितलं नाही, देवळात जाऊन येते म्हटलं आणि रिक्षा.

बांधावरून खाली उतरले. उतरतं पाणी असलं की काठाला ओल्या चिखलाची पट्टी असते, मुलांना शिकवलंय मी हे. ओली पट्टी नव्हती. पाणी थेट कोरड्या भेगांत शिरत होतं, हळूहळू, आवाज न करता. मधला जुना ओढा, जिथून ती दोघं सकाळी चालत गेली असणार, तिथे आता पाण्याचा रुंद पट्टा.

पलीकडे पांढरीवर दोन माणसं. एक बसलेलं, एक पाराकडे चाललेलं. चालणारी शोभा, हिरव्या साडीवरून ओळखली. मी हाका मारल्या. वारा समोरून, माझाच आवाज माझ्या तोंडावर.

मग अण्णा उठला, तिच्या मागे निघाला. चार पावलं टाकली आणि एकदम बुटका झाला. मला कळेचना काय झालं ते. गाळ. मांडीपर्यंत आत. हात वर. शोभा तोवर पाराशी पोचली होती, कमरेएवढ्या पाण्यात. ती वळली.

पुढचं नीट क्रमाने आठवत नाही. कैलास भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता, त्याला मीच बोलावलं की तोच आला, माहीत नाही. मी नुसती हात दाखवत होते. तो गेला. तिकडे शोभा पालथी पडून हातांनी गाळ उपसत होती, तेवढं दिसलं. कैलासने तराफा गाळावर आडवा टाकला, दोघांनी अण्णाला त्यावर ओढला. ओढा पार करताना तराफा एकीकडे कलला, तेव्हा मी डोळे मिटले. भित्री आहे मी.

काठावर आला तेव्हा अण्णा चिखलाचाच झालेला. नवा पायजमा, एक चप्पल, सगळं तिकडे. डोळे उघडले त्याने. पाण्याचं विचारलं नाही, माझं नाही. शोभाला विचारलं, "दिली का?"

"दिली, बाबा," शोभा म्हणाली.

त्याने डोळे मिटून घेतले. कैलास म्हणाला, "काका, तुमी बी काय येडे का काय, पाणी चढतंय आन आत कावून गेलते?" याचं उत्तर मी द्यायला हवं होतं.

१६ मे, शुक्रवार

अण्णाचा घोटा सुजलाय, मोडला नाही. ताप. काकांना मी काहीच बोलले नाही, त्यांची काय चूक? माझी चूक अण्णाला सांगितली. म्हणाला, "जाऊ दे सुमे. तू न्हाई सांगितलं असतं तर आमी गेलोच न्हसतो. अक्षत पोचली तुझ्यामुळं."

सकाळीच पत्रिका वाटायला निघाल्या. पुतणे गाड्या घेऊन चारी दिशांना. घर एकदम लग्नाचं झालं.

दुपारी शोभा डबा घेऊन माझ्याकडे आली. डबा ठेवला, बसली, पदराने चेहरा पुसला. मग म्हणाली, "आत्या, मी दिली न्हाई."

काय दिली नाही, असं मी विचारलं, जणू कळलं नव्हतं.

तिने सांगितलं ते असं. पांढरीवर पोचल्यावर अण्णाला दम लागला. तिथे आपल्या दाराच्या जागेवर बसला. पुढे पाणी आहे हे बघून रुमाल तिच्या हातात दिला. आणि म्हणाला, "तू जा. तुझ्या हातानं दे. तुझ्या येळंला आमी सांगाया आलो न्हाई, त्याची माफी बी माझ्याकडनं मागून ये."

हे सांगताना ती रडली नाही. मी रडले.

ती गेली. मारुती छातीपर्यंत पाण्यात होता. शेंदूर जाऊन नुसता दगड, पण तोंड दिसत होतं. रुमाल सोडला, अक्षता मुठीत घेतल्या. द्यायच्या आधी एक विचारायचं होतं तिला देवाला. "इचारत हुते की माझ्या लग्नाला बोलावलं न्हाई म्हणून तू रागावलास, का बोलावलं असतं तरी तेच झालं असतं." तेवढ्यात बापाची हाक. वळली, पळाली. गाळ उपसताना मुठीतल्या अक्षता कुठे गेल्या, तिला माहीत नाही. सुपारी पाण्यात पडली.

मग खोटं का सांगितलंस, विचारलं.

"न्हाईतर ते परत गेले असते. ताप उतरला की गेले असते."

बरोबर आहे. गेलाच असता.

मी म्हटलं, ठीक केलंस. कुणाला सांगायचं नाही. ती उठली, दाराशी थांबली. "आत्या, आन मला एक बघायचं बी हाय. पल्लवीचं चांगलं चाललं, तर माझ्या येळंला बी देवाचं काही न्हवतं. मग मला कळंल."

आणि नाही चाललं तर, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. डबा परत न्यायला विसरली.

१८ मे, रविवार

झोप नाही नीट. पोरीच्या संसारावर हे असं बघत बसायचं, हा कसला हिशोब आहे? पण तिचा दोष तरी काय, इतकी वर्षं तिच्यावर तेच ठेवलंय सगळ्यांनी, न बोलता.

सकाळी पुनर्वसनातल्या मारुतीला गेले. कमिटीचा मारुती, टाइल्स, पंखा. मी देवळात सहसा जात नाही, पुजारी चकित. पर्समधून चिमूटभर हळदीचे तांदूळ काढले, ठेवले. तिकडे निरोप द्या, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर स्वतःचंच हसू आलं. भूगोलात एम.ए. केलं आणि एका मारुतीकडून दुसऱ्या मारुतीला निरोप पाठवते.

तळं चढलंच. पार गेला, छप्पर गेलं. कळस तेवढा दिसतो.

२० मे, मंगळवार

लग्न लागलं. ऊन मरणाचं, मांडवात कूलर होते ते गरम वाराच मारत होते. जेवण बरं. वडवणीच्या चुलतसासऱ्यांचा रुसवा शेवटपर्यंत गेला नाही, पण जिलेबी तीनदा घेतली.

अण्णा काठी टेकत मांडवभर फिरत होता. ज्याला त्याला सांगत होता, पाण्यातून जाऊन अक्षत दिली, शोभाने दिली, माझ्या शोभाने. शोभाने कसली दिली, असं एक म्हातारी कुजबुजली, सवाष्ण नव्हती का कुणी. अण्णाने ऐकलं. मंगलाष्टकांच्या आधी अक्षतांचं ताट घेऊन थेट शोभाकडे गेला, सगळ्यांदेखत पहिली मूठ तिच्या हातात दिली. "देवाला हिनं बोलावलं," म्हणाला, "पयली हिची."

वैनीने तोंडाला पदर लावला. शोभाची मूठ मिटलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या माणसांत फक्त माझ्याकडे. मी मान हलवली. होय म्हणून की नको म्हणून, माझं मलाच माहीत नाही. तिने अक्षता टाकल्या.

गाडी निघताना अण्णा ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला. एसटीचा जुना ड्रायव्हर, काय सांगणार. तेलगावच्या वळणाला सावकाश, म्हणाला. दोनदा म्हणाला. पल्लवी रडत हसत होती. शोभा रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. नंतरही.

संध्याकाळी फोन आला, पोचलो. तोवर शोभाने पाण्याचा घोट घेतला नव्हता. मीसुद्धा.

२५ मे, रविवार

देशपांडे येऊन गेले. भूगोल, इतिहास नेला. 'निसर्गरम्य' त्यांनी स्वतःच घातलंय, मी खोडलं नाही. 'लोक' अजून द्यायचंय. परवापर्यंत द्या म्हणाले, चार ओळी पुरेत, सण-उत्सव, पोशाख, मनमिळाऊ स्वभाव वगैरे. बघू.

कळस बुडाला. सकाळी अण्णाने बांधावरून मला दाखवलं, इतकं खूश मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. "निरोप घेतला आन झाकून घेतलं त्यानं," म्हणाला. मी हं म्हटलं. एवढंच यायचं माझ्याकडून. जन्मभर येत राहणार आता.

दुपारपासून शोभा माझ्याकडे आहे. तिचं मशीन बिघडलंय म्हणून माझ्या मशीनवर शिवतेय. मी इथे टेबलाशी. काल फोनवर पल्लवीचा आवाज जरा पडलेला वाटला, ऊन असेल, प्रवास असेल. विचारलं नाही. शोभाने मात्र विचारलं मला, दोनदा, आवाज कसा हुता म्हणून.

फोन वाजतोय. पल्लवीच. मशीन थांबलं. उचलते.